उपरण्याखालचा भाव

तीर्थपुरीच्या आसपासच्या बाजारांत गेल्या चाळीस वर्षांत जेवढी गुरं एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला गेली, त्यातल्या निम्म्यांचा भाव माझ्या धाकट्या मामांच्या बोटांना ठाऊक आहे आणि तोंडाला एकाचाही नाही. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मामा बैलबाजारातले दलाल. आमच्याकडच्या बाजारात जनावराचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. दलालानं समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. एक बोट म्हणजे एक, आख्खा पंजा म्हणजे पाच, आणि शेकडा की हजार ते पुढ्यातलं जनावर बघून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या गप्पा चालू असतात, आणि खाली उपरण्यात दोन हात एकमेकांशी भांडत असतात. बाकीचे दलाल बाजार उठला की उपरणं खांद्यावर टाकून माणसांत येतात. आमचे मामा काही आले नाहीत.

घरात वांगी घ्यायची असली तरी उपरणं निघायचं. पण भाजीवाली बाई असली की पंचाईत, परक्या बाईचा हात कसा धरणार? मग मामीला पुढं करायचे. मामी पदराखाली भाजीवालीचा हात धरायची, भाजीवाली हसून बेजार व्हायची, आणि मामी घरात येऊन टोपली आदळायची, "अर्ध्या किलो वांग्यापायी जगाचे हात धराया लावले ह्या माणसानं!" माझ्या लग्नात मंडपवाल्याशी मामांनी असा सौदा केला की सासरच्यांना वाटलं, दोघांत काही जुनं वैर असावं आणि आज दिलजमाई होत असावी. मंडप स्वस्तात पडला. किती स्वस्तात, ते वडिलांनी विचारलं, तर मामांनी त्यांच्याही हातावर उपरणं टाकून सांगितलं. वडिलांना ती बोटांची भाषा कुठून येणार! त्यांनी आपली मान हलवली आणि शेवटी मंडपवाला मागेल तेवढे दिले. एकदा मी त्यांना फोन घेऊन द्यायला जालन्यातल्या दुकानात नेलं. मामांनी दुकानदाराचा हात धरताच तो बिचारा दचकला आणि म्हणाला, "काका, किंमत डब्यावर छापलेली असते." मामांनी डबा फिरवून पाहिला, ती छापील किंमत पाहिली आणि डबा पटकन पालथा ठेवला. "अरे अरे अरे! छापून काऊन ठेवून राह्यले? म्हनूनच सालभरात मरतेत हे फोन!"

आम्ही भाचरं या सगळ्याला हसत आलो. पण त्यामागची गोष्ट मामा सांगायचे तेव्हा मात्र कुणी हसत नसे. मामा हा धंदा करीमचाचा नावाच्या जुन्या दलालाच्या हाताखाली शिकले. करीमचाचा कधीच गेले, पण त्यांचं एक वाक्य मामा त्यांच्याच सुरात म्हणतात, "मियाँ, भाव मुँह से निकल्या, तो जानवर गया." मामा तेव्हा विशीतले होते. पावसाळ्यातला बाजार होता, गुडघ्याएवढा चिखल झालेला. बाजाराच्या कडेला चिंचेखाली एक माणूस उभा होता. हातात दावं नाही, काठी नाही. तो कुणाचा हात धरत नव्हता, जनावराचे दात बघत नव्हता, नुसता फिरत होता. एका नवख्या शेतकऱ्यापाशी थांबून त्यानं मोठ्यानं विचारलं, "याचे किती?" शेतकऱ्याला रीत ठाऊक नव्हती, त्यानंही मोठ्यानं सांगून टाकलं. माणूस "बरं" म्हणाला आणि पुढं गेला. दिवस मावळायच्या आत तो चांगला दांडगा बैल जागेवर बसला आणि पुन्हा उठला नाही. "आन् चाचा मला म्हनले, तू त्याचे पाय पाह्यले का? मी म्हनलं, पाह्यले होते ना. येवढ्या चिखलात त्या मानसाचे पाय कोरडे होते. धुतल्यावानी स्वच्छ." हे सांगताना मामा आवाज अजिबात खाली आणत नसत. सोयाबीनचा उतारा सांगावा तसं सांगत, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

आता अशा माणसाच्या भाचीनं पोटासाठी काय करावं? मी विम्याची एजंट आहे. माणसांचा, गाड्यांचा, पिकांचा, जनावरांचा, ज्याचा म्हणाल त्याचा विमा मी काढून देते, आणि माझं बोलणं ऐकून घराघरांतली माणसं सही करतात. सही केली नाही ती फक्त मामांनी. त्यांच्याकडं गुरं म्हणावीत अशी गुरं आता राहिलेलीच नव्हती. एक पाखरी नावाची गाय, एक लंगडी शेळी, आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव वकील, कारण एकदा बोलायला लागला की समोरच्याची बाजू ऐकून घ्यायची पद्धत त्याच्यात नव्हती. पाखरी दूध दिलं तर दीड लिटर द्यायची, नाही तर लाथ द्यायची. पण ती मामीची गाय. वासरू होती तेव्हाच तिची आई गेली, आणि मामीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. मामामामींना मूलबाळ नाही. मामी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची आणि पाखरी खिडकीतून तोंड आत घालून उभी राहायची. चार वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन मामी चार दिवसांत गेली. तेव्हापासून मामा बोलायचे ते पाखरीशी, आणि उरलंच काही तर आमच्याशी.

या तिन्ही जनावरांच्या दवाखान्यासाठी मामांचा स्वतःचा बंदोबस्त होता. गोठ्याच्या आढ्याला एक गाडगं टांगलेलं होतं. रोज संध्याकाळी मामा त्यात काही पैसे टाकायचे, आणि दिवसभरात पाखरीवर ओरडले असले तर दुप्पट टाकायचे. घरी येणाऱ्यालाही सोडत नसत. कुणी वकिलाच्या डोक्यावरून हात फिरवला की मामा गाडग्याकडं बोट दाखवायचे, "हात लावला न्हवं? टाका." पोस्टमन, सोयरे, मतं मागायला आलेली पुढारी मंडळी, सगळ्यांनी त्या गाडग्यात टाकलेलं आहे. एकदा एक उमेदवार फोटोसाठी पाखरीच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ उभा राहिला, त्यात शेळीचं अख्खं बाळंतपण निघालं. गाडग्यातले पैसे मामा कधीही मोजत नसत. जनावरांचे डॉक्टर आले की गाडगं खाली उतरवून त्यांच्यापुढं ठेवायचे, "तुमचं तुम्ही घ्या साहेब. फकस्त मोठ्यानं मोजू नका." डॉक्टर तरुण होते, सरळ होते. ओठ घट्ट मिटून मोजायचे आणि गाडगं परत द्यायचे.

मी कितीदा समजावलं! म्हटलं, "मामा, गाडग्यात टाकता त्यातलं थोडं विम्यात टाका. उद्या पाखरीला काही झालं तर एकरकमी पैसे मिळतील."

"काही झालं म्हंजे?"

"म्हणजे... गेली तर."

"आन् राह्यली तर?"

"राहिली तर काही नाही."

मामा म्हणाले, "माय, मंग हा तर बिलकुल त्या कोरड्या पायवाल्याच्या बाजूचा सौदा झाला. जायाचा पैसा हाये, राह्याचा न्हाई. माझं गाडगं तिच्या राह्यासाठी हाये. आन् वरून तुम्ही कागदावर तिचा भाव लिव्हनार. त्यानं विचारायच्या आधीच!" मी चहा पिऊन परत आले.

पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मार्च महिना होता, माझा विम्याचा वर्षाचा कोटा अपुरा राहिला होता, हेही खरंच. पण त्याहून मोठं खरं म्हणजे मला मामांची काळजी वाटत होती. त्या गाडग्याच्या भरवशावर म्हातारा एकटा राहतो, गाय गेली तर हा कोलमडेल, निदान हातात चार पैसे तरी येतील, असा माझा हिशेब. मामा चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले, तो दिवस मी धरला. हप्ता माझ्या खिशातून भरला आणि डॉक्टरांना घेऊन गोठ्यात शिरले. विमा काढायचा तर जनावराच्या कानात बिल्ला मारावा लागतो. डॉक्टरांनी पाखरीचा कान धरला, कट् असा आवाज झाला, आणि पिवळा बिल्ला बसला. पाखरी लाथ मारेल म्हणून मी लांब उभी होते, पण तिनं पायही उचलला नाही. डॉक्टर फॉर्म भरत होते. "किंमत किती टाकू, ताई?"

"चाळीस हजार टाका," मी म्हणाले.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी कुणीतरी बोललं, "किती म्हनल्या?" मी वळून पाहिलं. एक माणूस फाटकाच्या पलीकडं उभा होता. मला वाटलं, डॉक्टरांना शोधत आलेला कुणी शेतकरी असेल, त्यालाही जनावराचा विमा काढायचा असेल. गिऱ्हाईक दिसलं की माझा आवाज आपोआप चढतो. मी खणखणीत सांगितलं, "चाळीस हजार!" तो "बरं" म्हणाला. मी डॉक्टरांचा कागद बघून पुन्हा मान वर केली तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. वकील तेवढा कणगीमागं जाऊन बसला होता. तो भुंकला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा.

मामा दुपारी प्रसादाचे लाडू घेऊन आले. पाखरीचा कान पाहिला आणि लाडवांची पुडी तशीच हातात धरून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "किती सांगितले?" मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पुढं होऊन आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला. "पुन्यांदा नको. आनखी कोन होतं?"

मी फाटकावरच्या माणसाचं सांगितलं.

"पाय पाह्यले का त्याचे?"

"नाही मामा. फाटकाची खालची फळी आड येत होती."

"असू दे," मामा म्हणाले, आणि मला लाडू दिला.

तिसऱ्या दिवशी पाखरीनं वैरण सोडली. रवंथ बंद झालं. ताप नाही, पोटफुगी नाही, जखम नाही, डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं. ती नुसती उभी होती, तोंड फाटकाकडं करून, आणि बिल्ल्याचा कान पुढं काढून. मामांनी गाडगं उतरवलं. सलाईनच्या बाटल्या आल्या, इंजेक्शनं झाली, जालन्याहून रक्त तपासून आणलं. मुठीमुठीनं पैसे जात होते आणि डॉक्टर ओठ मिटून मोजत होते, ते तसं करताना पाहून मला एरवी हसू आलं असतं. पाचव्या दिवशी गाडगं पालथं केलं, तर त्यातून माती पडली. मी घरदार नवऱ्यावर टाकून तीर्थपुरीला येऊन बसले होते. मामांना धीर द्यायचा म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, काळजी करू नका, झालंच काही तर पैसे मिळतील." जीभ झडावी माझी! मामा पाखरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मिळतील गं माय. तेच तर."

त्या दिवशी दिवेलागणीला मामांनी आंघोळ केली. बाजारात जायचं धोतर नेसले, टोपी घातली, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मला म्हणाले, "तू हितंच पाखरीपाशी थांब. बोलू नको काही." आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मी गोठ्यातून बघत होते. फाटकापलीकडं मला कुणीही दिसलं नाही, हे आधीच सांगते. मामांनी उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं त्यावर उपरणं टाकलं. मग बोलायला लागले. "औंदा पाऊस बरा म्हनतेत... व्हय, कापसाचं काही खरं न्हाई... पोरंबाळं बरी?" बाजारात बोलतात त्याच गप्पा. मधेच थांबत, ऐकल्यासारखं करत, मान हलवत. एकदा तर "न्हाई जमत, राम राम!" म्हणून हात काढून घेतला आणि चार पावलं चालून आले. हा प्रत्येक दलालाचा ठरलेला डाव असतो, आणि तशाही अवस्थेत मला हसू फुटलं. मग ते थबकले, कुणीतरी मागून हाक मारावी तसे, आणि परत गेले. उपरण्याखाली एकच हात होता. पण तिथं कापड एका हाताच्या मानानं जास्त उचललं गेलेलं मला दिसत होतं, आणि ते आतून हलत होतं. संध्याकाळची वेळ, माझ्या डोळ्यांत पाणी, मी शपथ घेऊन सांगणार नाही. पण शेवटी सौदा ठरला की दोघं हातावर हात मारतात, ती टाळी मी ऐकली. वकिलानंही ऐकली. तो पाच दिवसांत पहिल्यांदा भुंकला.

मामा परत आले. उजवा हात उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला होता. "झालं," म्हणाले. "चहा टाक." मी चहा टाकायला उठले आणि मागून आवाज आला. पाखरी रवंथ करत होती. बाई गं, त्या आवाजानं मी चुलीपुढं बसून जी रडले, ती दूध उतू जाईपर्यंत.

सकाळी मामांच्या उजव्या हाताची बोटं मिटेनात. हात खांद्यापर्यंत शाबूत, पण मनगटापुढं थंडगार, बोटं नुसती पसरलेली. जालन्याला नेलं, छत्रपती संभाजीनगरला नेलं. एका डॉक्टरनं नस दबली म्हटलं, दुसऱ्यानं मेंदूला झटका म्हटलं, आणि दोघांच्याही यंत्रांत काही दिसलं नाही. मी विम्याच्या धंद्यातली बाई आहे, योगायोगावर माझं घर चालतं. हाही योगायोगच असेल. मी पाखरीची पॉलिसी रद्द करून आले आणि कानातला बिल्ला काढून टाकते म्हणाले, तर मामा म्हणाले, "राहू दे. सौदा झालेल्या जनावराला खूण असतीच." आता ते डाव्या हातानं गाडग्यात टाकतात. डाव्या हातानं वैरण घालतात, सांडलवंड फार होते. वांग्यांचा भाव मात्र करता येत नाही, कारण डाव्या हाताच्या बोटांना ती भाषा येत नाही. भाजीवाली मागेल ते देतात आणि तोंड फिरवून घेतात. ज्या हातानं चाळीस वर्षं हजारो जनावरांचे सौदे केले, तो हात माझ्या एका शब्दापायी गेला, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, ठाऊकच आहे.

गेल्या महिन्यात गेले होते. अंगणात बसून चहा पीत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, मला माफ करा. माझ्यामुळं तुमचा हात गेला."

मामा हसले. "येडी का काय तू? स्वस्तात पडला सौदा. त्यानं तर आधी लई मागितलं होतं." मग पाखरीकडं बघत म्हणाले, "तुझी मामी दवाखान्यात होती ना, तवा मी चार दिवस दाराशी उभा होतो. तुम्ही सारे म्हनत होता, मामा, बसा की, उभे काऊन राह्यले? मी उपरनं घेऊन उभा होतो. म्हनलं, येईल, इचारील, मंग बोलू. दोनी हात देले असते, डोळे देले असते. कोनी आलंच न्हाई गं इचाराया."

त्यांच्या डाव्या हातातली कपबशी हिंदकळत होती, म्हणून मी खालून हात लावून ती धरली.